पांढऱ्या दिव्याच्या पोटातला निळा

एलईडी बल्बचं टोपण काढलं तर आत पिवळ्या टिकल्या दिसतात. मग उजेड पांढरा कसा? (विटा)

टिकलीच्या तळाशी निळा एलईडी असतो. वरचा पिवळा थर फॉस्फरचा. तो निळ्या प्रकाशाचा बराच भाग शोषून पिवळा करून सोडतो, उरलेला निळा तसाच बाहेर पडतो. दोन्ही मिसळले की डोळ्याला पांढरं दिसतं.

लाल एलईडी १९६२ मध्ये आला. मग निळ्याला तीस वर्षं का लागली? (अकरावीचा विद्यार्थी, इस्लामपूर)

रंग ठरतो इलेक्ट्रॉन ऊर्जेच्या किती उंचावरून उडी घेतो त्यावर. लालला साधारण २ इलेक्ट्रॉन-व्होल्टची (हे ऊर्जेचं माप) उडी पुरते, निळ्याला २.७ च्या आसपास लागते. एवढी उंची देणारं गॅलियम नायट्राइड माहीत होतं, पण त्याचा चांगला स्फटिक वाढेना. नीलमाच्या चकतीवर थेट वाढवला तर भेगाळायचा. जपानच्या नागोया विद्यापीठात इसामु अकासाकी आणि त्यांचे विद्यार्थी हिरोशी अमानो यांनी १९८६ मध्ये आधी ॲल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर दिला आणि त्यावर स्फटिक वाढवला. रंगाआधी भिंतीला लांबी भरतात, तसंच.

दुसरी अडचण जास्त छळणारी. एलईडीला 'पी' (इलेक्ट्रॉनांची उणीव असलेला) आणि 'एन' (जादा इलेक्ट्रॉन असलेला) असे दोन थर लागतात. 'पी'साठी मॅग्नेशियम घातलं, तरी ते कामच करेना. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरलेला नमुना जास्त उजळतो, हे या जोडीच्या लक्षात आलं आणि १९८९ मध्ये इलेक्ट्रॉनांचा मारा करून त्यांनी 'पी' थर मिळवला. तो का जमला, हे निचिया कंपनीतल्या शुजी नाकामुरांनी १९९२ मध्ये दाखवलं. स्फटिक वाढवताना वापरलेल्या अमोनियातला हायड्रोजन मॅग्नेशियमला धरून बसायचा. नायट्रोजनमध्ये ७०० अंशांपुढे तापवलं की सुटायचा. म्हणजे नुसती भट्टी पुरली! १९९३ मध्ये झगझगीत निळा एलईडी आला, २०१४ मध्ये तिघांना नोबेल मिळालं. कंपनीने नाकामुरांना सुरुवातीला दिलं होतं २०,००० येनचं बक्षीस. पुढे ते कोर्टात गेले आणि २००५ मध्ये सुमारे ८४ कोटी येनवर तडजोड झाली.

खोक्यावर २५,००० तास लिहिलेला बल्ब वर्षात गेला. फसवणूक का? (कराड)

माझ्याही जिन्यातला असाच गेला. उघडून पाहिला, तर एका टिकलीवर काळा ठिपका. टिकल्या एका माळेत असतात; एक तुटली की सगळा बल्ब बंद. पुष्कळदा टिकल्या धडधाकट असतात, पण बंद काचेच्या फिटिंगमध्ये उष्णता कोंडते आणि ड्रायव्हरमधला (टिकल्यांना हवी तशी वीज पुरवणाऱ्या सर्किटमधला) कपॅसिटर वाळतो. काळी टिकली शॉर्ट करून बल्ब पुन्हा पेटवतात, पण मग उरलेल्यांवर ताण येतो. शिवाय आतल्या पट्टीवर थेट लाइनचा करंट असू शकतो, तेव्हा चालू बल्ब उघडू नका.

हुमणीसाठी उसाच्या बांधावर प्रकाश सापळा लावलाय. साधा एलईडी चालेल? (वाळवा तालुका)

हुमणीचे भुंगेरे येतील, पण कमी. किडे अतिनील प्रकाशाकडे जास्त ओढले जातात आणि निळ्यावर पिवळा लेप देऊन केलेल्या पांढऱ्या एलईडीत तो जवळजवळ नसतोच. सापळ्यासाठी मिळणारी अतिनील ट्यूब घ्या, खाली घमेल्यात पाणी आणि थोडं रॉकेल ठेवा. वळवाचा पहिला पाऊस पडला की लगेच लावा. रात्रभर मात्र नको. तिन्हीसांजेनंतरचे दोन-तीन तास पुरे, नाहीतर मित्रकीटकही त्याच घमेल्यात पडतात. कडुनिंब-बाभळीवर बसलेले भुंगेरे तेवढे काठीने झाडून गोळा करा.