शेअर्ड फोल्डर रिकामा का राहतो

"नवीन मॅनेजर आहे, शेअर्ड फोल्डर बनवून दिला, दोन महिन्यांत कोणी काही टाकलं नाही, सिनियर लोक माहिती दाबून ठेवतात" असं तुम्ही लिहिलंय. दाबून ठेवतात हे मला काही पटत नाही.

मी बावीस वर्षं लिफ्ट मेंटेनन्समध्ये काढली, दादर-परळ पट्ट्यात. आमच्यात एक काका होते, पहिल्या जोरदार पावसात कुठल्या बिल्डिंगच्या पिटमध्ये, म्हणजे लिफ्टखालच्या खड्ड्यात, पाणी भरतं, कुठला दरवाजा दमट हवेत दगा देतो, सगळं तोंडपाठ. फॉर्मवर मात्र लिहायचे 'काम केले, लिफ्ट चालू'. झालं. आणि संध्याकाळी टपरीवर हातात कटिंग आली की हाच माणूस अर्धा अर्धा तास बोलत राहायचा, मला कामातलं जे येतं त्यातलं निम्मं तिथलंच, ट्रेनिंगमधलं नाही.

कारण बऱ्याच उशिरा कळलं. एकदा त्यांनी जुन्या कंट्रोलरवरचा तोडगा लिहून दिला तर तो पुढच्या मीटिंगमध्ये साहेबांच्या नावावर खपला. पुढच्या वेळी 'पार्ट माझ्याकडून चुकीचा बसला' असं खरं लिहिलं तर मेमो हातात. मग कोण लिहिणार, सांगा!

झेरॉक्स कंपनीत हेच दिसलं होतं. ज्युलियन ऑर नावाचा मानववंशशास्त्रज्ञ कॉपियर दुरुस्त करणाऱ्यांबरोबर फिरला, तर अवघड बिघाड मॅन्युअलपेक्षा एकमेकांना सांगितलेल्या किश्श्यांतून सुटायचे. पुढे 90 च्या दशकात तिथे टेक्निशियननी एकमेकांना दुरुस्तीच्या टिपा द्यायची युरेका सिस्टिम आली, तिच्यात टिप दुसरे टेक्निशियन तपासायचे आणि देणाऱ्याचं नाव टिपेवर राहायचं. नाव राहणं महत्त्वाचं. टिपेमागे पैसे लावाल तर कचरा जमेल, हे आपलं माझं मत.

आणि भीतीचं म्हणाल तर एमी एडमंडसन या संशोधक बाईंनी हॉस्पिटलमधल्या औषधांच्या चुका बघितल्या, तर चांगल्या टीममध्येच आकडा जास्त निघाला! त्यांच्या मते तिथे चुका जास्त होत नव्हत्या, लोक त्या बोलून दाखवत होते. तेव्हा तुमच्याकडे चुकांचा रकाना कोराच येत असेल तर खूश होऊ नका.

फोल्डर सध्या राहू दे. सिनियर माणसाबरोबर दोन दिवस साइटवर जा, मोबाईल खिशात ठेवून, आणि जे ऐकाल ते तुम्हीच लिहून काढा, वर त्याचं नाव टाका, पाठवायच्या आधी त्याला वाचायला द्या. आमचे काका तर वाचता वाचता तीन चुका काढायचे आणि चौथी गोष्ट स्वतःहून सांगायचे.