हप्ता डोक्यावर घेऊन रानात जाऊ नकोस

प्रिय पोरा,

तुझं पत्र मिळालं. दीड पान लेन्सबद्दल, अर्धं पान कॅमेऱ्याची बॉडी कोणती घ्यावी यावर, समासात कमाईचा हिशेब आणि टूरचा बेत, आणि शेवटी, सही करता करता आठवल्यासारखी एक ओळ: ‘लेन्ससाठी कर्ज मंजूर झालंय, दोन महिन्यांनी नोकरी सोडून पूर्णवेळ वन्यजीव फोटोग्राफी करतोय, बरोबर करतोय ना?’ आधीची दोन पानं मला कशाला लिहिलीस? त्यातलं सगळं तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. विचारायचं होतं ते या एका ओळीत आहे, म्हणून मीही तेवढ्याचंच उत्तर देतो.

तुला प्राण्यांचा लळा आहे का, चिकाटी आहे का, यावर शाई घालवत नाही. नसती तर पहाटे तीनला उठून चिखलात पालथा पडला नसतास. माझं म्हणणं एकच आहे आणि ते या पत्रात पुन्हा पुन्हा येईल, कंटाळलास तरी वाच. कर्जाचा हप्ता डोक्यावर घेऊन जनावरासमोर बसायचं नाही.

पत्रासोबत पाठवलेल्या फोटोंपैकी घरट्याचा फोटो काढ आणि मोठा करून बघ. उजेड सुरेख आहे. पिल्लांच्या उघड्या चोचींच्या आतला लाल रंग उतरलाय, आईच्या चोचीतली अळी वळवळताना गोठलीय. आता डावीकडे वरच्या कोपऱ्यात ये. तिथे चारपाच पानांची फिकी, शिरा वर आलेली बाजू कॅमेऱ्याकडे आहे. बाकीच्या झाडाची पानं गडद आणि तुकतुकीत, एवढीच उलटी. कोणीतरी फांदी ओढून मागे बांधलीय. दोरी फ्रेमबाहेर ठेवायचं भान राहिलं, पानांचं राहिलं नाही. ती फांदी पिल्लांवर सावली धरून होती आणि कावळ्यापासून त्यांना लपवत होती. तू बांधलीस की तुझ्या बरोबरच्या जाणत्या मंडळींनी, हे मी विचारत नाही. पण फोटो झाल्यावर सोडलीत का? की पुढच्या बॅचसाठी तशीच ठेवली?

राग आला, हे लपवत नाही. पण इतकी वर्षं हे बघतोय, आणि अशा फांद्या बांधणारे लोक मुळात दुष्ट नसतात. ते घाईत असतात. कोणाला सोमवारपर्यंत फोटो द्यायचा असतो, कोणाची रजा संपत आलेली असते, आणि कोणाचा हप्ता दहा तारखेला कापला जाणार असतो. तू आज नोकरीत आहेस, कुठलाही हप्ता नाही, तरी तुझ्या फ्रेममध्ये ती पानं आली. हप्ता असता तर काय आलं असतं, याचा विचार कर.

आता तुझ्या हिशेबाकडे येतो. तू लिहिलंयस की महिन्याला अमुक इतके फोटो ते विकणाऱ्या एजन्सीकडे टाकले आणि तमुक इतके विकले गेले, तरी भागेल. हा हिशेब तीस वर्षांपूर्वी कदाचित बसला असता. तेव्हा एजन्सी फोटोचा वापर विकायची. मासिकात कितव्या पानावर, किती मोठा, किती प्रती छापणार, यावर पैसे ठरायचे, आणि पुन्हा वापरला तर पुन्हा मिळायचे. मग स्वस्तात फोटो विकणाऱ्या वेबसाइट आल्या. तिथे एकदा चिल्लर मोजली की तोच फोटो कितीही वेळा वापरता येतो. २००६ मध्ये गेटी इमेजेस या बड्या फोटो एजन्सीने यातली आयस्टॉकफोटो विकत घेतली, तेव्हा आमच्यातल्या शहाण्यांनी ओळखलं की जुना भाव आता परत येणार नाही. उरलेल्यांनी मोठ्या लेन्स घेतल्या.

दुसरं म्हणजे तुझ्या कसबाची किंमत. उडत्या पक्ष्याच्या डोळ्यावर फोकस धरायला मला निम्मं आयुष्य लागलं. २०२० च्या आसपास आलेले कॅमेरे तो डोळा स्वतः शोधतात, पकडतात आणि सेकंदाला वीस फ्रेम टिपतात. मला त्याचं वाईट वाटत नाही (खोटं बोलतोय, थोडं वाटतं), पण अर्थ समजून घे. नुसता स्वच्छ, टोकदार, छान उजेडातला फोटो आता दुर्मीळ राहिलेला नाही. लंडनचं नॅचरल हिस्टरी म्युझियम आज भरवतं त्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत १९६५ साली काहीशे फोटो आले होते. २०२४ मध्ये ५९ हजारांहून जास्त आले, आणि त्यातून निवडायचे होते शंभर. उरलेले सगळे टाकाऊ होते का? नाही रे. त्यातले हजारो तुझ्या-माझ्या फोटोंपेक्षा सरस असतील.

‘मग जगतात ते कसे जगतात?’ असं तू विचारशील. बहुतेक जण फोटो विकून जगत नाहीत. हंगेरीचा बेन्स माते २०१० साली त्याच स्पर्धेचा विजेता ठरला. एकतर्फी काचेची हाइड, म्हणजे लपून फोटो काढायचं खोपटं, हे त्याचं नाव झालेलं काम, आणि त्या हाइडमधली जागा तो इतर फोटोग्राफरना भाड्याने देतो. फिनलंडच्या पूर्व सीमेजवळ अस्वलांसाठी मांस टाकून ठेवतात आणि समोरच्या लाकडी खोपटातली एकेक खुर्ची रात्रीच्या भाड्याने जाते. खुर्चीवर बसून फोटो काढणाऱ्यापेक्षा खुर्ची भाड्याने देणाऱ्याचा महिना जास्त भरवशाचा असतो. २०२५ चा विजेता विम व्हॅन डेन हीव्हर फोटो-सहली नेतो. नामिबियातल्या कोल्मनस्कॉप या ओसाड खाणगावात भटकणाऱ्या तपकिरी तरसाचा तो एक फोटो मिळायला त्याला दहा वर्षं लागली. मी यातून एवढाच अर्थ काढतो की घरखर्च त्या तरसावर अवलंबून असता तर दहा वर्षं थांबणं जमलं नसतं. तुझं कर्ज किती वर्षांचं आहे? पाच? म्हणजे तरस यायच्या निम्म्या वाटेवरच लेन्स विकावी लागेल.

‘एकदा एखादा फोटो गाजला की पुढचं आपोआप होतं,’ हेही तू लिहिलंयस. २०११ मध्ये इंडोनेशियाच्या सुलावेसी बेटावर एका काळ्या मकाक माकडाने डेव्हिड स्लेटर या फोटोग्राफरच्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं आणि दात दाखवणारा तो फोटो जगभर फिरला. तू नक्की पाहिला असशील. बटण माकडाने दाबलं म्हणून फोटोवर हक्क कोणाचा, यावर वाद झाला. मग प्राणिहक्कवाल्यांनी माकडाच्या वतीने अमेरिकेत खटला भरला आणि तो काही वर्षं चालला. २०१७ मध्ये स्लेटरने वर्तमानपत्रांना सांगितलं की सुनावणीला जायला विमानाचं भाडं नाही, बिघडलेला कॅमेरा बदलायला पैसे नाहीत, आणि लोकांची कुत्री फिरवायचं काम करावं का असा विचार चालू आहे. गाजणं म्हणतात ते यापेक्षा किती मोठं असायला हवं?

गाजण्याची घाई माणसाला कुठवर नेते तेही बघ. २००९ मध्ये त्याच लंडनच्या स्पर्धेत फाटकावरून झेप घेणाऱ्या लांडग्याच्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं आणि काही महिन्यांत ते काढून घेण्यात आलं, कारण तो लांडगा बहुधा माणसाळलेला, शिकवलेला निघाला. २०१८ मध्ये ब्राझीलमधल्या एका राष्ट्रीय उद्यानात वारुळापाशी आलेल्या मुंगीखाऊच्या फोटोचं बक्षीस असंच गेलं. त्याच उद्यानाच्या प्रवेशद्वाराशी ठेवलेल्या, पेंढा भरलेल्या मुंगीखाऊच्या अंगावरचे केसांचे झुपकेसुद्धा जुळत होते. दोन्ही फोटोग्राफरनी आरोप नाकारले, त्यांच्या मनात काय होतं ते त्यांचं त्यांना. ही उदाहरणं मी तुझ्यासमोर ठेवतोय, कारण बांधलेली फांदी त्याच रस्त्यावरचं पहिलं वळण आहे.

म्हणशील, म्हातारा स्वतः काय करत होता? सांगतो. मी यंत्रांच्या सुट्या भागांचे फोटो काढत होतो. बेअरिंग, गॅस्केट, पंपाचे पंखे. कारखान्यांचे कॅटलॉग, वर्षानुवर्षं. चकचकीत पोलादी गोळीत कॅमेरा, दिवा आणि स्वतःचं थोबाड दिसू नये म्हणून तिच्याभोवती पांढऱ्या कापडाचा तंबू करायचा, त्याला लेन्सपुरतं भोक पाडायचं आणि तासभर उजेड हलवत बसायचं. आमच्या वर्तुळात मला ‘बेअरिंगवाला’ म्हणायचे. पूर्णवेळवाले माझ्याकडे सुट्टीतला हौशी म्हणून बघायचे. एका संपादकाने तर तोंडावर सांगितलं की ज्याचं दुसरं काम चालू आहे त्याचं या कामावर खरं प्रेम नसतं. त्याच्या मासिकाने माझ्या शेवटच्या चार फोटोंचे पैसे आजवर दिलेले नाहीत. तेव्हा त्या पैशांवर माझी चूल नव्हती, म्हणून मी भांडू शकलो आणि पुढचे फोटो द्यायला नकार देऊ शकलो. माझ्याबरोबरचे दोघे तसं करू शकले नाहीत. ते फुकट देत राहिले, कारण ‘पुढच्या वेळी देतो’ या शब्दावर त्यांचा पुढचा महिना टांगलेला होता.

खंत नाही असं नाही. एका वर्षी पाऊस असा पडला की कित्येक वर्षं कोरडं पडलेलं एक पाणथळ काठोकाठ भरलं आणि तिथे बगळ्यांची, करकोच्यांची वसाहत बसली. सगळे तिथे होते. मी मात्र पंपांचा कॅटलॉग करत होतो, कारण शब्द दिला होता आणि अ‍ॅडव्हान्स घेतला होता. पुढच्या वर्षी पाणी नव्हतं, पक्षी नव्हते. इतरांचे फोटो बघतो तेव्हा अजून आत कुठेतरी खुपतं. पण त्याच बेअरिंगांच्या जिवावर मी एका बिळासमोर नुसता बसून राहू शकलो आणि जनावर अस्वस्थ दिसलं की उठून घरी जाऊ शकलो. रिकाम्या कार्डाने घरी येणं ही माझी सगळ्यात मोठी चैन होती. ती मी पोलादी गोळ्यांच्या पैशाने विकत घेतली, आणि याची मला काडीची लाज वाटत नाही. लोक काहीही म्हणोत. वाटल्यास तूही म्हण.

(हे स्वतःचं समर्थन चाललंय असं वाटत असेल तर वाटू दे. या वयात तेवढा हक्क आहे मला.)

टूर नेण्याचा पर्याय तू लिहिलायस. तो वाईट नाही, पण डोळे उघडे ठेवून घे. टूर हाही हप्ताच असतो, फक्त तो दुसऱ्याने भरलेला असतो. सहा जणांनी पैसे मोजलेत, त्यांना घुबड हवंय, आणि घुबड बसलंय पाठ करून. उत्तर अमेरिकेत हिवाळ्यात हिमघुबडं खाली येतात तेव्हा काही जण दुकानातून आणलेले पांढरे उंदीर बर्फावर सोडतात. घुबड कॅमेऱ्याकडे झेपावतं, सहाही जण खूश. माणसाने अन्न फेकलं की ते मिळतं हे घुबड शिकतं, आणि माणसाची जागा म्हणजे रस्ता असेल तर रस्त्यावर येतं. टूर न्यायचीच असेल तर पैसे घेण्याआधी लेखी कळव की काहीही दिसलं नाही तरी पैसे परत मिळणार नाहीत आणि मी जनावराला हात लावणार नाही, त्याला हलवणार नाही, बोलावणार नाही. निम्मे लोक गळतील. गळू देत.

फुकट मागणाऱ्यांबद्दल थोडक्यात. ‘नाव देऊ’ म्हणणाऱ्याला बिल पाठव. स्पर्धेच्या नियमांत ‘सर्व माध्यमांत, जगभर, कायमस्वरूपी’ असं वाक्य दिसलं तर ती स्पर्धा नव्हे, फुकटची फोटोखरेदी आहे. कॅप्शन नीट लिही: शास्त्रीय नाव, तारीख, प्राणी काय करत होता. घरट्याचा किंवा दुर्मीळ प्राण्याचा फोटो टाकताना फाइलमधलं ठिकाण काढून टाक, शिकारीही फोटो बघतात. बॅकअप दोन जागी ठेव. हे सगळं तू इतरत्र वाचलं असशीलच.

तुला कोणी मागितलेलंच नाही असं काम कर. १९९४ मध्ये जिम ब्रँडनबर्गने मिनेसोटातल्या आपल्या घराभोवतीच्या जंगलात नव्वद दिवस रोज एकच फ्रेम काढली. रोज एक, दुसरी नाही. मासिकासाठी नाही, ग्राहकासाठी नाही, छापायचा बेतही नव्हता. पुढे १९९७ साली नॅशनल जिओग्राफिकने ते फोटो छापले. नव्वद दिवस हप्तेवाल्या माणसाला परवडतील का, तूच सांग. तुला ते नोकरी करून परवडतील, सकाळचा एक तास काढ. घराजवळचा एखादा नाला, एखादं झाड, एखादी वटवाघळांची वळचण घे आणि तिथेच राहा. दूरच्या सिंहाच्या फोटोंची रांग लांब आहे. तुझ्या नाल्यातल्या बेडकाचं वर्ष तुझ्याशिवाय कोणाकडे नसेल, आणि असं काही हातात असलं की संस्था, संशोधक, प्रकाशक स्वतःहून विचारतात. सावकाश विचारतात, म्हणूनच मधल्या काळाची सोय आधी करून ठेवायची असते.

तेव्हा बँकेला कळव की कर्ज नको. मंजूर झालं म्हणजे उचललंच पाहिजे असं नसतं. राजीनामा लिहिला असशील तर फाड. दोन वर्षांनी खर्च वजा जाऊन कॅमेऱ्यातून आलेले पैसे आणि पगार शेजारी शेजारी मांड, आणि मग मला लिही. तेव्हा मी कदाचित वेगळं बोलेन. कदाचित नाही बोलणार.

आणि लेन्सचं विचारलंयस म्हणून. ६०० मिमीची नवी घेऊ नकोस, तीन किलो वजन आणि कर्ज दोन्ही खांद्यावर येतं. सेकंडहँड ४०० बघ. लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र पूर्ण उघडून मागच्या बाजूने टॉर्च मार आणि पुढून तिरकं बघ. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. विकणारा म्हणेल की फोटोत काही दिसत नाही. तरी घेऊ नकोस. फोकसची रिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवून बघ, मध्ये कुठे अडकली तर लेन्स पडलेली आहे असं समज. स्वतःची बॉडी सोबत ने, पन्नास फ्रेम काढ, घरी येऊन मोठ्या पडद्यावर चारही कोपरे तपास आणि दुसऱ्या दिवशीच पैसे दे.

तुझा,
बेअरिंगवाला