लेस्टरला धंदा काढण्याआधी: एकटीने, भागीदारीत की लिमिटेड?

बाळा,

तुझा मेसेज वाचला, मैत्रिणीबरोबर इंग्लंडमध्ये लेस्टरला लिलो चेवडो (आपला ओला चिवडा) आणि भाकरवडी करून विकायचा विचार आहे, मनापासून आनंद झाला. टॅक्स कशात वाचेल असं विचारलंयस, ते नंतर बघू. आधी हे बघ की उद्या उधारी थकली किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी येऊन कोणी भरपाई मागितली तर पैसे कोणाच्या खिशातून जाणार.

आणि व्हिसा. स्टुडंट व्हिसावर स्वतःचा धंदा करताच येत नाही, शिक्षण झाल्यावर मिळणाऱ्या ग्रॅज्युएट व्हिसावर चालतो. तोवर फक्त रेसिपी आणि भाव पक्के कर.

आता मुद्द्याचं. तुम्ही दोघी मिळून धंदा करून नफा वाटून घ्यायला लागलात की कागद असो नसो, तिथल्या १८९०च्या कायद्याने भागीदारी झालीच, आणि वेगळं काही ठरलं नसेल तर नफातोटा निम्मा निम्मा, मग रात्रभर तळणारी तू एकटीच का असेना. तिने धंद्यासाठी केलेली उधारी तुझ्याही डोक्यावर. इथे दांडिया बाजारात एका फरसाणवाल्या भागीदारीचे चोपडे मी बघायचो, करारनामा नव्हताच, एकाने सिंगतेलाचे (शेंगदाणा तेलाचे) डबे उधारीवर उचलले आणि गाव सोडलं, तेलवाला रोज सकाळी दुसऱ्याच्या ओट्यावर येऊन बसायचा आणि शेवटी त्यालाच सगळे भरावे लागले, कारण आपला १९३२चा कायदाही तेच सांगतो. मैत्री कितीही घट्ट असू दे, लिहून घेतल्याशिवाय एक पाकीट विकू नकोस.

एकटीने करायचं तर सोल ट्रेडर, म्हणजे कंपनी न काढता स्वतःच्याच नावावर धंदा, सोपं, पण धंद्याचं कर्ज ते तुझंच कर्ज. लिमिटेड कंपनी काढलीस तर कर्ज कंपनीचं, ५०,००० पाउंड नफ्यापर्यंत टॅक्स १९ टक्के, मात्र दरवर्षी कंपनीज हाउसला, म्हणजे तिथल्या कंपनी नोंदणी कार्यालयाला, हिशोब द्यायचे, उशीर झाला की १५० पाउंडपासून दंड, आणि कंपनीच्या खात्यातले पैसे आपले समजून उचलायचे नाहीत, पगार किंवा डिव्हिडंड म्हणूनच घ्यायचे. आणि हो, नव्या कंपनीला जागा देताना मालक बरेचदा डायरेक्टरची पर्सनल गॅरंटी, म्हणजे कंपनीने भाडं नाही दिलं तर मी देईन अशी हमी, मागतो, त्यावर सही केलीस की त्या भाड्यापुरता लिमिटेडचा काही उपयोग नाही.

माझं मत विचारशील तर दोघी असाल तर लिमिटेडच काढा, कोणाचे किती शेअर आणि एकीला बाहेर पडायचं असेल तर काय, हे आधीच लिहून. एकटी असशील तर सुरुवातीला सोल ट्रेडर पुरे, पण प्रॉडक्ट लायबिलिटी इन्शुरन्स (मालामुळे कोणाला त्रास झाला तर भरपाईचा विमा) घेऊनच. काहीही निवड, फूड बिझनेसचं रजिस्ट्रेशन तिथल्या कौन्सिलकडे (नगरपालिकेकडे) २८ दिवस आधी करायचं, ते फुकट असतं.

बाबा इथून पैसे पाठवणार आहेत ना, मुलीला भेट देणं वेगळं आणि तिच्या कंपनीचे शेअर घेणं वेगळं. शेअर घेतले की ती परदेशी गुंतवणूक, बँकेत वेगळा फॉर्म, शिवाय दरवर्षी इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये दाखवायचं. पैसे सोडण्याआधी त्यांना माझ्याकडे एक चक्कर मारायला सांग.

करारनामा लिहिलास की पाठव, मी वाचतो, पण सही तिथल्या सॉलिसिटरला दाखवूनच कर.

तुझा काका,
रावपुरा, बडोदा