‘द जंगल’ या कादंबरीमुळे अमेरिकेत खरंच कायदा बदलला का?

बदलला, पण लेखकाला हवा होता तो नव्हे. अप्टन सिंक्लेअर १९०४ मध्ये शिकागोच्या मांस कारखान्यांच्या परिसरात सात आठवडे फिरला. कादंबरी १९०५ मध्ये समाजवादी साप्ताहिकात क्रमशः आली, १९०६ मध्ये पुस्तकरूपात. विषय होता युर्गिस या लिथुआनियाहून आलेल्या मजुराची पिळवणूक. वाचकांना मात्र हादरवलं ते सडक्या मांसाच्या मोजक्या पानांनी.

अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी नील आणि रेनॉल्ड्स या दोन तपासनीसांना कारखान्यांच्या पाहणीला पाठवलं, त्यांनीही अस्वच्छतेला दुजोरा दिला. ३० जून १९०६ रोजी मांस तपासणी कायदा आणि शुद्ध अन्न व औषध कायदा, दोन्हींवर सह्या झाल्या. मजुरांचं वेतन, कामाचे तास, अपघाताची भरपाई? त्यांत एक शब्दही नाही. हे फार दुःखद आहे.

परीक्षेत ‘कादंबरीने कायदा घडवला’ एवढंच लिहू नका. शुद्ध अन्नासाठी सरकारी रसायनतज्ज्ञ हार्वे वायली आधीपासून झगडत होते. कादंबरीने लोकक्षोभाचा रेटा दिला. आणि तिला नुसती वास्तववादी न म्हणता निसर्गवादी म्हणा, कारण इथे परिस्थिती माणसाला चिरडते, त्याच्या निवडीला फारसा वाव नसतो. शेवटच्या भाषणबाज प्रकरणांत मात्र ही पकड सुटते.