डायलिसिसने रक्त शुद्ध होतं ना? मग किडनीच्या पेशंटला सारखं इन्फेक्शन का होतं? दह्या-ताकाचा फायदा होतो का?

रक्त पूर्ण शुद्ध होतच नाही म्हणून. इथे इंदूरला, रामबागेतल्या आमच्या मोठ्या मामांना मी हे चार वर्षं सांगतोय.

युरिया निघतो, पोटॅशियम निघतं. पण इंडॉक्सिल सल्फेट, पी-क्रेसिल सल्फेट ही विषारी मंडळी अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रोटीनला चिकटून बसतात, आणि अल्ब्युमिन काही फिल्टरमधून जाऊ देत नाहीत. मग हीही बरीचशी रक्तातच मुक्काम ठोकतात. अशा रक्तात न्यूट्रोफिल, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी, जंतूपर्यंत धड पोचत नाहीत, पोचले तरी नीट गिळत नाहीत. टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी, अकाली म्हाताऱ्या होतात. आणि एवढं असून आतली सूज मात्र कायम धुमसत असते.

आईच्या मानेत कॅथेटर, म्हणजे डायलिसिसची नळी, होतं. एकदा डायलिसिसच्या तिसऱ्या तासाला ती कुडकुडायला लागली, दातावर दात आपटत होते. ताप 98. ड्रेसिंगच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढा पिवळा डाग. मामा डबा घेऊन आले होते. म्हणाले, "अरे, एसी आहे तो! ताप कुठाय? घरी ने तिला, उगाच बिल वाढवतील." मोठ्यांचं ऐकलं, चुकलं माझं. पहाटे वरचं बीपी 80. रक्ताच्या कल्चरमध्ये स्टॅफ नावाचा जिवाणू निघाला, कॅथेटर काढावं लागलं, तीन आठवडे इंजेक्शनं. युरेमियात, म्हणजे किडनी निकामी होऊन रक्तात अशी घाण साठते तेव्हा, ताप चढेलच असं नाही, हे तेव्हा कळलं. मामा अजून प्रत्येक मुंजीत सांगतात, "एसीच होता."

तेव्हा थंडी वाजली की थर्मामीटर बघत बसू नका, युनिटमध्ये सांगा. घरचे मोठे काय म्हणतात ते नंतर. हिपॅटायटिस बी ची लसही 40 मायक्रोग्रॅमची, नेहमीच्या दुप्पट, 0, 1, 2, 6 महिन्यांनी घ्यायची आणि टायटर, म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडीचं प्रमाण, तपासायचा; तो निदान 10 हवा. आईचा चार डोसनंतरही 10 च्या वर गेला नाही. "एकदा टोचली ना" म्हणणारे मामाच.

मी डॉक्टर नाही, बँकेत आहे. प्रत्येक थंडी म्हणजे इन्फेक्शन नव्हे, आणि आईला डायबिटीसही होता, त्यामुळे सगळं खापर या विषांवर फोडता येणार नाही.

राहिलं दही-ताक. ही विषं आतड्यातले जिवाणू प्रोटीन फोडतात त्यातूनच बनतात, म्हणून मामांनी रोज दोन ग्लास ताक सुचवलं होतं. ते दोन ग्लास पेशंटला दिवसभरात ठरवून दिलेल्या पाण्याच्या हिशोबात धरायचे, हे त्यांना कोण सांगणार? फायदा होतो का, ते तुम्ही डाएटिशियनला विचारा.