वाचकांचे प्रश्न : श्रद्धेवाचून धर्म कळतो का?

प्रश्न : विद्यापीठांत धर्मांचा अभ्यास इतिहास किंवा समाजशास्त्राप्रमाणे शिकवला जातो, असे वाचनात आले. मी स्वतः श्रद्धाळू आहे. ज्याची एखाद्या धर्मावर श्रद्धाच नाही, त्याला तो कितपत कळणार? आणि धर्मांची तुलना करणे म्हणजे अखेरीस त्यांपैकी एकाला श्रेष्ठ ठरवणेच नव्हे काय?

उत्तर : दुसऱ्या शंकेपासून आरंभ करतो, कारण तिला इतिहासाचा आधार आहे. संस्कृतचे अभ्यासक मॅक्स म्युलर यांनी १८७० मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये धर्माच्या शास्त्रावर व्याख्याने दिली आणि ज्याला एकच धर्म ठाऊक आहे त्याला एकही ठाऊक नाही, अशी भूमिका मांडली. भूमिका उदार होती. परंतु पुढच्याच वर्षी मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड टायलर यांनी सर्वात्मवाद (सर्व वस्तूंत आत्मा असतो ही समजूत), बहुदेववाद आणि एकेश्वरवाद अशी जी चढती श्रेणी लावली, तिच्या माथ्यावर युरोपातील अभ्यासकांना परिचित असलेला धर्म आपोआप येऊन बसला. अशी तुलना म्हणजे आधीच ठरवलेला निकाल होता, आणि आज ती श्रेणी कोणताही जबाबदार अभ्यासक स्वीकारत नाही.

श्रद्धेच्या प्रश्नाला मी एका उदाहरणाने उत्तर देतो, कारण या अभ्यासाचे सामर्थ्य त्यात मला सर्वांत स्पष्ट दिसते. आजच्या दक्षिण सुदानमधील नुएर लोक 'जुळी म्हणजे पक्षी' असे म्हणतात. पक्ष्यांसारखी नव्हे, पक्षीच. हे विधान वरवर ऐकणारा त्याला अडाणीपणा म्हणून मोकळा होईल. त्यांच्यात राहून त्यांची भाषा शिकलेल्या मानववंशशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांनी १९५६ च्या ग्रंथात दाखवले की, जुळ्यांना चोच किंवा पंख असतात असे कोणीही नुएर मानत नाही. पक्षी आकाशात वावरतात, एका वेळी अनेक अंडी घालतात आणि आकाश हे ईश्वराचे स्थान. जुळ्यांचा जन्मही ईश्वराने विशेष प्रकारे प्रकट होणे आहे, म्हणून दोघेही 'वरचे'. जुळी व्यक्ती पक्ष्यांचे मांस किंवा अंडी खात नाही, यामागेही हाच विचार आहे. इव्हान्स-प्रिचर्ड स्वतः कॅथलिक होते. नुएर श्रद्धा त्यांची नव्हती, तरीही ती त्यांनी तिच्याच तर्काने उलगडली. हे विधान सत्य आहे काय, हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला आणि ते म्हणणाऱ्यांना त्यातून काय अभिप्रेत आहे, हे विचारले.

ईश्वर आहे की नाही, याचा निवाडा हा अभ्यास करत नाही. मात्र लोक काय म्हणतात, कोणते विधी करतात, कोणाला त्यांतून वगळतात, एखादा ग्रंथ पवित्र केव्हा व कोणाच्या प्रयत्नाने ठरला, हे सारे तो पुराव्यानिशी तपासतो, आणि तेथे श्रद्धावानाला अस्वस्थ करणारी उत्तरेही मिळू शकतात. धर्मांचे अभ्यासक विल्फ्रेड कँटवेल स्मिथ यांचे मत असे की, एखाद्या श्रद्धेविषयीचे विधान त्या श्रद्धेच्या अनुयायांना मान्य होण्याजोगे असावे. ही कसोटी मला नम्रपणा शिकवणारी म्हणून प्रिय आहे, पण ती शेवटची मानता येत नाही. अनुयायांतच मतभेद असतात, आणि सर्वांत मोठा आवाज सहसा अधिकार हाती असलेल्यांचा असतो.

प्रश्न : 'रिलिजन' आणि 'धर्म' हे शब्द एकाच अर्थाचे मानावेत काय?

उत्तर : मानू नयेत. शेजारधर्म, राजधर्म, दानधर्म हे शब्द आपण सहज वापरतो, आणि त्यांतील 'धर्म' कर्तव्य, आचरण किंवा पुण्यकर्म सांगतो, पंथ किंवा उपासना नव्हे. जपानी भाषेतही 'शूक्यो' हा जुना बौद्ध शब्द 'रिलिजन'चा प्रतिशब्द म्हणून रूढ झाला तो एकोणिसाव्या शतकात, पाश्चात्त्य देशांशी तह होऊ लागल्यानंतर. धर्मांचे दुसरे एक अभ्यासक जोनाथन झेड. स्मिथ यांनी तर १९८२ मध्ये 'रिलिजन' ही अभ्यासकाने आपल्या अभ्यासासाठी घडवलेली कोटी, म्हणजे वर्गवारीचे नाव, आहे, असे ठामपणे मांडले. याचा अर्थ लोकांची उपासना काल्पनिक आहे असा नव्हे. कोणत्या गोष्टी एका नावाखाली गोळा करायच्या हे आपण ठरवतो, म्हणून ते का ठरवले याचे उत्तरही आपणच दिले पाहिजे.