मराठीत पेपर लिहिला तर तो सापडणार कसा? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. मराठीत पेपर लिहिला की सहकारी म्हणतात वाया गेला, जगात रिसर्च इंग्रजीतच चालतं. खरंय का?

उत्तर: नाही हो मॅडम, ब्राझीलकडे बघा. १९९७ मध्ये साओ पाउलोत तिथल्या राज्याच्या निधीसंस्थेच्या पैशावर सिएलो हा जर्नल्सचा ऑनलाइन संग्रह सुरू झाला, आधी मोजकी जर्नल्स होती, आता लॅटिन अमेरिकेतले बरेच देश, शिवाय स्पेन, पोर्तुगाल, दक्षिण आफ्रिकाही त्यात आहेत आणि पोर्तुगीज, स्पॅनिश, इंग्रजीतले लेख कुणालाही फुकट वाचता येतात. मेक्सिकोतही एका सरकारी विद्यापीठाने रेडालिक हा तसाच संग्रह उभा केला. इंग्रजीचं प्रेशर तिथेही आहेच, मेडिकलवाले बऱ्यापैकी तिकडे वळलेत, पण शिक्षण, इतिहास, समाजशास्त्र अजून मोठ्या प्रमाणात पोर्तुगीजमध्येच चालतं. आपल्याकडे भाषा कमी पडत नाही, लेख सापडायची सोय कमी पडते.

प्रश्न: आमच्या संस्थेच्या त्रैमासिकाचे अंक पीडीएफ करून वेबसाइटवर टाकतो, तरी गूगलवर एकही लेख येत नाही.

उत्तर: आधी त्या पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. इंग्रजी अक्षरांचा कचरा आला तर डीटीपीवाल्याने कृतीदेवसारखा जुना फॉन्ट वापरलाय, म्हणजे स्क्रीनवर मराठी दिसतं पण आत कोड रोमन अक्षरांचे, मग गूगलने शोधायचं तरी काय? युनिकोडचा, म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःचे कोड देणाऱ्या पद्धतीचा आग्रह धरा, 'आमच्या सॉफ्टवेअरमध्ये बसत नाही' हे उत्तर आता चालवून घेऊ नका. युनिकोड असलं तरी पीडीएफमधून मजकूर काढताना वेलांट्या-जोडाक्षरं इकडची तिकडे होतात, म्हणून लेखाचं साधं वेबपानही ठेवा. अख्खा अंक एका फाइलमध्ये टाकायची सवय तर सोडाच.

ओजेएस बघा, जर्नल ऑनलाइन चालवायचं कॅनडातल्या पब्लिक नॉलेज प्रोजेक्टचं फुकट सॉफ्टवेअर आहे, इंडोनेशियातली ढिगाने जर्नल्स त्यावरच चालतात. प्रत्येक लेखाला वेगळं पान मिळतं, शीर्षक आणि सारांश मराठीत नि इंग्रजीत वेगळ्या रकान्यांत भरता येतात, गूगल स्कॉलरला (गूगलचं शोधनिबंध शोधायचं साधन) लागणारी माहिती ते स्वतःच पुरवतं. लेखकाचं रोमन स्पेलिंग दर अंकात तेच ठेवा, कुलकर्णींची तीन स्पेलिंगं झाली की तीन माणसं होतात. सर्व्हर आणि ते सांभाळणारा एक माणूस, खरा खर्च एवढाच, पण तो माणूस टिकवणं अवघड.

प्रश्न: तोच पेपर मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे छापला तर ती चोरी होते का?

उत्तर: लपवून केलं तर हो. दोन्ही संपादकांची परवानगी घ्या आणि नंतरच्या लेखात आधीचा कुठे आलाय ते स्पष्ट छापा. मेडिकल जर्नल्सच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समितीही अशी दुसऱ्या भाषेतली प्रसिद्धी मान्य करते.

प्रश्न: एक 'इंटरनॅशनल मल्टिलिंग्वल' जर्नल दोन दिवसांत मराठी पेपर छापून देतं, फी पण कमी आहे, आयएसएसएन आहे. देऊ का?

उत्तर: अजिबात नको. आयएसएसएन म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक, दर्जाचा शिक्का नव्हे, भारतात तो फुकट मिळतो. दोन दिवसांत कोण पेपर तपासणार? फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने केअर यादी, म्हणजे त्यांची मान्य जर्नल्सची यादी बंद केली, जर्नल पारखायचं काम विद्यापीठांवर आलं, तेव्हापासून तर स्वतःच बघून घेणं आलंच. संपादक मंडळातल्या दोघांना सरळ मेल करून विचारा, तुमचं नाव यात आहे हे तुम्हाला माहितीये का म्हणून.